सांडपाण्याचे विरजण

नाल्याकाठी वावर असलेले एक वयस्कर शेतकरी एका उन्हाळ्यात आमच्या दूध प्रक्रिया कारखान्याच्या फाटकाशी आले आणि त्यांनी मला विचारले, "भाऊ, तिकून पांढरं, आंबूस पाणी येते अन् इकून नितळ निंघते. त्याच्यात औषध कोणतं टाकता जी तुमी?" मी म्हणालो, "काका, औषध नाही, गाळ टाकतो." मी उत्तर टाळतो आहे असे त्यांना वाटले, आणि त्यात त्यांची काहीच चूक नव्हती, कारण घाण पाणी गाळ घालून स्वच्छ होते ही गोष्ट पहिल्यांदा ऐकणाऱ्याला पटण्यासारखी नाही. त्यानंतर गावातल्या अनेकांनी मला हाच प्रश्न विचारला आहे. विदर्भात गावोगावी दूध संकलन आणि प्रक्रिया केंद्रे, सोयाबीन तेलाचे कारखाने, संत्र्याच्या रसाचे आणि इतर खाद्यपदार्थांचे उद्योग आहेत, आणि त्यांच्या भिंतीबाहेरून वाहणारे नाले तेच आहेत, ज्यांवर शेजारच्या शेतकऱ्यांचे मोटारपंप बसलेले असतात. म्हणून भिंतीच्या आत नेमके काय चालते हे त्या शेतकऱ्यांना नीट माहीत असावे, असे मला मनापासून वाटते.

सुरुवात दुधापासूनच करू. दूध विषारी नाही, उलट ते उत्तम अन्न आहे, आणि नाल्याच्या दृष्टीने नेमकी अडचण तीच आहे. दूध, दुधाची टाकी धुतलेले पाणी किंवा पनीरचे पाणी नाल्यात गेले की तिथले जिवाणू त्यावर तुटून पडतात, भराभर वाढतात, आणि वाढताना पाण्यात विरघळलेला प्राणवायू वापरतात. एक लिटर दूध पूर्णपणे पचवायला जिवाणूंना ढोबळमानाने 100 ग्रॅम प्राणवायू लागतो. आपल्याकडच्या तापमानाला स्वच्छ नाल्याच्या एक लिटर पाण्यात मात्र जेमतेम 8 मिलिग्रॅम प्राणवायू विरघळलेला असतो. हिशेब केला तर एक लिटर दूध साधारण साडेबारा हजार लिटर पाण्यातला सगळा प्राणवायू संपवू शकते. प्राणवायू संपला की मासे मरतात, आणि त्यानंतर प्राणवायूशिवाय जगणारे दुसऱ्या जातीचे जिवाणू ताबा घेतात, पाणी काळे पडते आणि सडक्या अंड्यासारखा वास सुटतो. नाला मरतो तो विषाने नव्हे, तर गुदमरून.

पाण्यात असे किती 'अन्न' आहे हे मोजण्याच्या मापाला जैवरासायनिक प्राणवायूची मागणी, म्हणजे बोलीभाषेत बीओडी, म्हणतात. नमुना बाटलीत बंद करून ठरावीक तापमानाला ठेवायचा आणि जिवाणूंनी किती प्राणवायू वापरला ते शेवटी मोजायचे, अशी ती चाचणी आहे. परदेशात ती 20 अंश सेल्सियसला पाच दिवस करण्याची रूढी आहे; आपल्याकडच्या उष्ण हवामानाला धरून भारतात 27 अंशांना तीन दिवसांची चाचणी स्वीकारली गेली आहे. दूध कारखान्याच्या सांडपाण्याचा बीओडी दर लिटरला हजार ते दोन हजार मिलिग्रॅम, कधी त्याहूनही जास्त असतो. पर्यावरण संरक्षण नियमांतील सर्वसाधारण मानकांप्रमाणे नदीनाल्यात सोडायच्या पाण्यासाठी ही मर्यादा 30 मिलिग्रॅम आहे आणि शेतजमिनीवर ओलितासाठी द्यायच्या पाण्यासाठी 100 मिलिग्रॅम. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ एखाद्या कारखान्याच्या संमतीपत्रात याहून कडक आकडाही घालू शकते.

हजारावरून तीसवर यायचे कसे? जे काम नाल्यात जिवाणू करणारच आहेत, तेच काम त्यांच्याकडून नाल्याच्या अलीकडे, हौदात करवून घ्यायचे, आणि त्यांना लागणारा प्राणवायू नाल्याकडून न घेता आपण पुरवायचा, एवढेच या पद्धतीचे सार आहे. पण त्यात एक मोठी अडचण होती, ती म्हणजे वेळेची. सांडपाण्यात नुसती हवा सोडत राहिले तर पाणी स्वच्छ होते हे एकोणिसाव्या शतकातच लोकांना ठाऊक होते, पण त्याला आठवडेच्या आठवडे लागत, आणि शहराचे किंवा कारखान्याचे पाणी इतके दिवस साठवायला कोणाकडेच जागा नसते.

हा गुंता इंग्लंडमधल्या मँचेस्टर शहरात सुटला. एडवर्ड आर्डर्न आणि विल्यम लॉकेट हे दोन रसायनशास्त्रज्ञ तिथल्या डेव्हीहल्म येथील सांडपाणी केंद्रात काम करत होते, आणि या दिशेने प्रयोग करण्याची कल्पना त्यांना गिल्बर्ट फाउलर यांच्याकडून मिळाली होती, जे पुढे बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्राध्यापक म्हणून आले. आर्डर्न आणि लॉकेट यांनी सांडपाण्यात हवा सोडली, आणि ते पूर्ण स्वच्छ व्हायला पहिल्यांदा सुमारे पाच आठवडे लागले. त्यानंतर त्यांनी जे केले ते आपल्याकडची कोणतीही गृहिणी रोज रात्री करते. वरचे नितळ पाणी त्यांनी काढून घेतले, पण तळाशी बसलेला गाळ फेकून दिला नाही, आणि त्याच गाळावर नवे सांडपाणी ओतून पुन्हा हवा सोडली. या वेळी कमी दिवस लागले. असे करत करत गाळ साठत गेला तसतसा वेळ घटत गेला आणि शेवटी पाच आठवड्यांचे काम चोवीस तासांच्या आत होऊ लागले. त्यांनी या गाळाला 'सक्रिय गाळ' असे नाव दिले आणि 1914 सालच्या एप्रिलमध्ये आपले निष्कर्ष मांडले. आज जगभर शहरांचे आणि कारखान्यांचे सांडपाणी ज्या पद्धतींनी शुद्ध होते, त्यांतली सर्वांत रुळलेली पद्धत हीच आहे.

मी गावात हे समजावताना विरजणाचाच दाखला देतो. कालच्या दह्यातले चमचाभर बाजूला ठेवून आजच्या दुधाला लावले तर सकाळपर्यंत दही लागते. विरजण न लावता दूध नुसते ठेवले तर ते कधी आणि कसे आंबेल याचा भरवसा नाही. सक्रिय गाळ हे सांडपाण्याचे विरजण आहे. फरक इतकाच, की दह्याला हवेची गरज नसते आणि या विरजणाला हवेशिवाय एक घटकाही चालत नाही. आणि दह्याला चमचाभर विरजण पुरते, तर इथे हौदातले सगळे पाणीच विरजणाने भरलेले असते.

आता प्रत्यक्ष मांडणी पाहू. दिवसाला 100 घनमीटर, म्हणजे एक लाख लिटर सांडपाणी निघणारा मध्यम आकाराचा दूध कारखाना डोळ्यांपुढे आणावा. त्याचे पाणी दिवसभर सारखे येत नाही. सकाळी दूध उतरवून घेतल्यावर टाक्या आणि पाइप धुतले जातात, त्यासाठी आधी गरम कॉस्टिक सोडा आणि नंतर नायट्रिक आम्ल फिरवले जाते, त्यामुळे एका तासाला येणारे पाणी कमालीचे अल्कधर्मी असते तर पुढच्या तासाचे तितकेच आम्लधर्मी. हे जसेच्या तसे गाळावर गेले तर गाळ भाजून निघेल. म्हणून सगळे पाणी आधी एका मोठ्या समीकरण टाकीत साठवतात, तिथे आम्ल आणि अल्क एकमेकांना बरेचसे मारतात, उष्ण पाणी निवते, आणि पुढे चोवीस तास एकसारखी धार देता येते. त्याच्याही आधी तूप आणि चरबीचा थर काढून घेणारा सापळा असतो. ही पहिली दोन कामे लोकांना दुय्यम वाटतात, पण माझ्या पाहण्यात बिघडलेल्या सांडपाणी शुद्धीकरण संयंत्रांपैकी निम्म्याहून अधिक संयंत्रे इथेच बिघडलेली होती. चरबी गाळावर चढली की जिवाणूंपर्यंत हवा पोहोचत नाही, आणि मग पुढे कितीही मोठा ब्लोअर, म्हणजे हवा फुंकणारे यंत्र, लावला तरी उपयोग होत नाही.

समीकरण टाकीतून पाणी एअरेशन टँकमध्ये, म्हणजे हवा देण्याच्या हौदात, येते, आणि खरे काम तिथे चालते. या हौदाच्या तळाशी बारीक छिद्रांचे डिफ्युझर बसवलेले असतात, त्यांतून ब्लोअरची हवा बुडबुड्यांनी वर येते, आणि सगळा हौद उकळत्या कढीसारखा खदखदत असतो. निरोगी हौदाचा रंग गाळलेल्या काळ्या मातीचा नव्हे, तर चहाच्या चोथ्यासारखा तपकिरी असतो आणि त्याला पहिल्या पावसानंतरच्या मातीसारखा वास येतो. तिथून पाणी क्लॅरिफायर नावाच्या शांत हौदात जाते. तिथे हवा नसते, ढवळणे नसते. गाळ तळाशी बसतो आणि नितळ पाणी काठावरून ओसंडून बाहेर पडते. तळाचा बहुतेक गाळ पंपाने पुन्हा एअरेशन टँकमध्ये पाठवला जातो, आणि हेच ते विरजण बाजूला ठेवणे.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी, कारण या पद्धतीचा सगळा डोलारा तिच्यावर उभा आहे. एक सुटा जिवाणू इतका हलका असतो की तो क्लॅरिफायरमध्ये काही तासांत खाली बसूच शकत नाही. तो बसतो, कारण लाखो जिवाणू एकमेकांना चिकटून डोळ्यांना दिसतील एवढे पुंजके बनवतात. जिवाणू अंगाभोवती बुळबुळीत चिकट पदार्थ सोडतात आणि त्यात एकत्र बांधले जातात, आणि हे ते तेव्हाच चांगले करतात जेव्हा अन्न कमी आणि तोंडे जास्त असतात. पोट भरलेले जिवाणू पाण्यात सुटे पोहत राहतात आणि क्लॅरिफायरमधून गढूळ पाणी बाहेर पडते; भुकेले जिवाणू एकत्र येतात आणि पाणी नितळ होते. संयंत्र चालवणे म्हणजे या कोट्यवधी जिवांना मरू न देता सतत थोडे भुकेले ठेवणे होय.

भूक मोजताही येते. आपल्या उदाहरणातल्या 100 घनमीटर पाण्याचा बीओडी लिटरला 1200 मिलिग्रॅम धरला तर रोज 120 किलो अन्न आत येते. एअरेशन टँक 200 घनमीटरची आहे आणि तिच्या प्रत्येक लिटरमध्ये कोरडा मोजला तर 4000 मिलिग्रॅम गाळ आहे असे धरले, तर हौदात 800 किलो गाळ झाला. म्हणजे एक किलो गाळाच्या वाट्याला रोज 150 ग्रॅम अन्न येते. गोठ्यातल्या ढोरांना वैरण किती लागेल याचा हिशेब जसा आपण त्यांच्या संख्येवरून करतो, तसाच हा हिशेब आहे. आपल्या उदाहरणासारख्या, पाण्याला दीर्घकाळ हवा देण्याच्या प्रकारात 50 ते 150 ग्रॅम ही पट्टी चालते, आणि मोठ्या शहरी संयंत्रांत ती 200 ते 500 ग्रॅमपर्यंत जाते.

हवेचा खर्च मोठा असतो. 120 किलो अन्न पचवायला साधारण 150 किलो प्राणवायू लागेल असे धरले, आणि सोडलेल्या हवेतला दहावा भागच पाण्यात विरघळतो असे मानले, तर दिवसाला सुमारे साडेपाच हजार घनमीटर हवा पाण्यात ढकलावी लागते. अशा संयंत्राच्या वीजबिलाचा निम्म्याहून अधिक भाग ब्लोअर खातो, आणि म्हणूनच बचत करायची वेळ आली की पहिला हात ब्लोअरच्या बटणावर जातो. विदर्भाच्या उन्हाळ्यात ही अडचण दुहेरी होते. 20 अंशांच्या पाण्यात प्राणवायू लिटरला 9 मिलिग्रॅमच्या थोडा वरपर्यंत विरघळू शकतो, तर 35 अंशांच्या पाण्यात जेमतेम 7 मिलिग्रॅम. आणि उष्णतेत जिवाणू मात्र अधिक वेगाने श्वास घेतात. म्हणजे ज्या महिन्यात पाणी कमी प्राणवायू धरते, त्याच महिन्यात मागणी वाढलेली असते. हौदात सगळीकडे 2 मिलिग्रॅमच्या आसपास प्राणवायू शिल्लक राहील हे डिसेंबरमध्ये सहज जमते, पण मे महिन्यात त्यासाठी ब्लोअरचा शेवटचा श्वासही वापरावा लागतो.

जिवाणूंना नुसता पिष्ट आणि साखर देऊन भागत नाही, त्यांना शरीर बांधायला नत्र आणि स्फुरदही लागते, अगदी पिकासारखे. ढोबळ प्रमाण असे की 100 भाग बीओडीमागे 5 भाग नत्र आणि 1 भाग स्फुरद असावे. दुधात प्रथिने असल्यामुळे दूध कारखान्याच्या पाण्यात नत्राची सहसा उणीव पडत नाही. पण संत्र्याच्या रसाच्या किंवा साखर-पिष्टाच्या उद्योगाचे पाणी बहुतेक नुसती साखर असते. तिथे 120 किलो बीओडीसाठी रोज 6 किलो नत्र आणि 1.2 किलो स्फुरद लागेल, आणि ते आपल्या कृषी केंद्रातल्या पोत्यांच्या भाषेत सांगायचे तर सुमारे 6 किलो डीएपी आणि 11 किलो युरिया होते. जुना, मुरलेला गाळ याहून कमी खतावर भागवतो, म्हणून बाहेर पडणाऱ्या पाण्यातला नत्र पाहून मात्रा कमी करत जावी. जास्तीचा युरिया शेवटी नाल्यातच जातो आणि तिथे जलपर्णी आणि शेवाळ वाढवतो.

संयंत्राची तब्येत पाहण्याचे सर्वांत जुने आणि माझ्या मते आजही सर्वांत उपयोगी साधन म्हणजे एक लिटरचा काचेचा सिलिंडर. मी रोज सकाळी आठ वाजता एअरेशन टँकमधून बादलीभर पाणी काढतो, ते हलक्या हाताने ढवळून सिलिंडर हजारच्या खुणेपर्यंत भरतो आणि ऊन व वारा लागणार नाही अशा जागी टेबलावर ठेवतो. पहिली दोन मिनिटे सगळे एकसारखे तपकिरी दिसते. मग पुंजके एकमेकांना धरू लागतात, पाणी फुटते, आणि वर काचेसारखा पट्टा उमटून तो हळूहळू खाली सरकतो. पाच मिनिटांत गाळ निम्म्यावर यावा. तीस मिनिटांनी तो किती खुणेवर थांबला ते मी वहीत लिहितो. गाळ 400 मिलिलिटरवर बसला आणि त्यात कोरडा गाळ 4 ग्रॅम असेल, तर एक ग्रॅम गाळाने 100 मिलिलिटर जागा धरली, असा त्याचा अर्थ. ही उत्तम स्थिती आहे. हाच आकडा 150 च्या पुढे सरकू लागला की गाळ फुगतो आहे आणि काही दिवसांत तो क्लॅरिफायरच्या काठावरून नाल्यात जाणार आहे, हे समजून घ्यावे.

फुगण्याचे कारण सूक्ष्मदर्शकाखाली दिसते. निरोगी थेंबात तपकिरी पुंजके असतात आणि त्यांच्या कडेला देठावर उभे असलेले घंटेच्या आकाराचे प्राणी, व्होर्टिसेला, डुलत असतात; काचपट्टीला हलकासा धक्का लागला तर त्यांचे देठ स्प्रिंगसारखे आकसतात आणि पुन्हा सरळ होतात. हे प्राणी सुटे जिवाणू गाळून खातात, म्हणून ते जिथे भरपूर तिथे पाणी नितळ. त्यांच्याऐवजी पुंजक्यांतून बाहेर आलेले लांब केसांसारखे तंतू दिसू लागले, तर तंतुमय जिवाणू माजले आहेत. थोडे तंतू हवेच असतात, मातीच्या भिंतीत तणस घालतो तसे ते पुंजक्याला बळकटी देतात. पण ते वाढले की पुंजके एकमेकांपासून दूर ढकलले जातात आणि गाळ कापसाच्या ढिगासारखा फुलून बसतच नाही. हवा कमी पडणे, नत्र-स्फुरद कमी पडणे, चरबी येणे, किंवा गाळाला फार काळ फार कमी अन्न मिळणे, ही त्याची नेहमीची कारणे आहेत. अशा वेळी क्लोरीन टाकून तंतू मारता येतात, पण कारण शोधून काढले नाही तर ते महिनाभरात परत येतात.

सगळ्यात वाईट अनुभव मला ब्लोअर बंद पडल्याचा आला. मी त्या वेळी दुसऱ्या एका कारखान्यात होतो. मे महिन्याच्या शेवटी संध्याकाळी वादळ आले, गावाबाहेरची डीपी जळाली, आणि कारखान्याचा जनरेटर फक्त शीतगृहासाठी चालवायचा असे ठरले. दूध वाचवायचे म्हणून तो निर्णय झाला आणि दूध वाचलेही. पण एअरेशन टँकमध्ये एवढा दाट जिवंत गाळ असतो की हवा थांबल्यावर त्यात शिल्लक असलेला प्राणवायू अवघ्या पाच-दहा मिनिटांत संपतो. रात्रभर आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत हवा नव्हती, आणि धुण्याचे पाणी मात्र येतच राहिले. सकाळी मी झाकण उचलले तेव्हा तपकिरी हौद शिशासारखा काळा झाला होता आणि डोळे चुरचुरवणारा वास येत होता. सूक्ष्मदर्शकाखाली एकही व्होर्टिसेला जिवंत नव्हता. त्यांची रिकामी देठे तेवढी उरली होती. सिलिंडरमध्ये गाळ बसला, पण वरचे पाणी धुरकट राहिले, कारण पुंजके फुटून जिवाणू सुटे झाले होते. येणारे पाणी निम्म्यावर आणून सतत हवा देत राहिल्यावर पाणी पुन्हा नितळ व्हायला पंधरा दिवस लागले. त्या पंधरा दिवसांत खालच्या नाल्यात काय गेले हे मला ठाऊक आहे, आणि ज्यांचे मोटारपंप तिथे होते त्यांना कोणीही काही कळवले नाही. ब्लोअरसाठी वेगळा छोटा जनरेटर ठेवावा, तो दर आठवड्याला चालवून पाहावा, आणि हवा बंद असेपर्यंत येणारे पाणी समीकरण टाकीत अडवावे, हा धडा मी तिथे शिकलो, आणि जिथे लोडशेडिंग आणि वादळे या दोन्ही गोष्टी ठरलेल्या आहेत अशा भागात याला खर्च म्हणणे मला पटत नाही.

गाळाबद्दलची दुसरी हयगय अधिक शांतपणे होते. जिवाणू खातात तशी त्यांची संख्या वाढते. आपल्या उदाहरणातल्या 120 किलो अन्नातून रोज सुमारे 50 किलो नवा कोरडा गाळ तयार होतो. तो पाण्यात असतो तेव्हा त्यात शंभरात एक भागच घन असतो, म्हणून 50 किलो म्हणजे पाच हजार लिटर पातळ गाळ. तो रोज काढलाच पाहिजे. काढला तर हौदातला गाळ सरासरी 16 दिवसांचा राहतो, न काढला तर तो साठत जातो, म्हातारा होतो, आणि एके दिवशी क्लॅरिफायर भरून तो स्वतःच बाहेर पडतो, बहुधा रात्री. काढलेला गाळ वाळूच्या ड्रायिंग बेडवर पसरून वाळवतात. उन्हाळ्यात तो आठवड्याभरात भेगाळतो, पण पावसाळ्यात बेड आठवडेच्या आठवडे ओलेच राहतात, आणि नेमक्या त्याच दिवसांत गाळ काढणे थांबवले जाते. पावसाळ्यासाठी बेडवर छप्पर किंवा दाबून पाणी काढणारे यंत्र हवे. दूध कारखान्याचा वाळलेला गाळ नत्र-स्फुरदाने समृद्ध असतो आणि शेणखतात मिसळून कुजवल्यावर वावरात चालतो, अर्थात प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी आणि तपासणी झाल्यावरच. रंग, धातू किंवा रसायनांच्या कारखान्याच्या गाळाला मात्र कोणीही हात लावू नये. त्यातले जड धातू नाहीसे झालेले नसतात, ते गाळात येऊन बसलेले असतात, आणि तो गाळ नागपूरजवळच्या बुटीबोरीसारख्या ठिकाणच्या घातक कचरा विल्हेवाट केंद्रातच गेला पाहिजे.

नवे संयंत्र सुरू करताना आपल्याकडे शेण कालवून टाकण्याची पद्धत आहे, सोबत थोडा गूळ आणि युरिया. ती चुकीची नाही, पण धीमी आहे. गाईच्या पोटातले बहुतेक जिवाणू प्राणवायूशिवाय जगणारे असतात आणि एअरेशन टँकमध्ये ते टिकत नाहीत. शेणाबरोबर आलेले थोडे हवापसंत जिवाणू मात्र वाढतात, आणि महिना-दीड महिन्यात गाळ धरतो. त्यापेक्षा तशाच पाण्यावर चालणाऱ्या एखाद्या चांगल्या संयंत्राचा परत जाणारा गाळ टँकरने आणणे केव्हाही बरे. विरजण शेजारच्या घरून आणतात, रानातून शोधून आणत नाहीत. नागपूरची राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था, म्हणजे नीरी, 1958 पासून सांडपाण्याच्या याच कामात आहे, आणि एवढा अनुभव घराजवळ असताना आपल्या लहान उद्योगांनी चाचपडत राहू नये असे मला वाटते.

या पद्धतीच्या आवाक्याबाहेर काय आहे, हे शेतकऱ्याच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे आहे. जिवाणू साखर, प्रथिने आणि चरबी खातात. मीठ खात नाहीत. टाक्या धुताना वापरलेल्या कॉस्टिक सोड्यातले सोडियम जेवढे आत आले तेवढेच बाहेर जाते, आणि बीओडी 20 वर आला तरी त्यात रतीभरही फरक पडत नाही. आपल्या काळ्या मातीतल्या चिकणमातीच्या कणांना सोडियम लागले की ते सुटे होऊन मातीची छिद्रे बुजवतात, पाणी मुरत नाही, आणि जमीन चोपण होते. अकोला, अमरावती, बुलडाणा या जिल्ह्यांतल्या पूर्णा खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात हे दुःख निसर्गानेच दिलेले आहे आणि तिथल्या शेतकऱ्याला ते वेगळे सांगावे लागत नाही. म्हणून शुद्ध केलेले पाणी ओलितासाठी घेणाऱ्याने कारखान्याकडे बीओडीच्या आकड्याबरोबर क्षारांचा आणि सोडियमचा आकडाही मागावा, आणि दर वर्षी आपल्या वावराची माती तपासून घ्यावी. कारखान्यानेही सोड्याचे पहिले दाट पाणी वेगळे साठवून पुन्हा वापरले तर निम्मी अडचण तिथेच सुटते.

फाटकाशी आलेल्या त्या काकांना मी शेवटी आत नेऊन सिलिंडर दाखवला होता. ते तीस मिनिटे खुर्चीवरून उठले नाहीत. त्यांना मी जे सांगितले तेच इथे लिहितो. कारखान्याचे पाणी नाल्याला मिळते त्या ठिकाणी, अंगाला पाणी न लावता, पांढऱ्या काचेची बाटली भरावी आणि अर्धा तास सावलीत न हलवता ठेवावी. तळाशी तपकिरी पुंजके बसले तर क्लॅरिफायरमधून गाळ निसटतो आहे. पाणी धुरकट राहिले आणि काहीच बसले नाही तर गाळ फुटला आहे किंवा त्याला झेपेल त्याहून जास्त अन्न मिळते आहे. वास आंबूस असेल तर पाणी शुद्ध न होताच बाहेर आले आहे, आणि सडक्या अंड्यासारखा असेल तर आत कुठेतरी हवा बंद आहे. तारीख, वेळ आणि जे दिसले ते वहीत लिहावे, एकदा पहाटे आणि एकदा भर दुपारी, कारण दुपारी नितळ असलेले पाणी पहाटे तसेच असते असे नाही. आणि चार-सहा नोंदी झाल्या की ती वही घेऊन आधी कारखान्याच्या संयंत्रावर आणि गरज पडली तर मंडळाच्या प्रादेशिक कार्यालयात जावे. काकांच्या वहीतली पहिली नोंद आमच्याच कारखान्याची आहे: पहाटे साडेपाच, पाणी थोडे धुरके, वास नाही. त्या दिवशी आमचा एक डिफ्युझर फाटलेला सापडला.